नवव्या पायरीवरचा शिलालेख

"ढवळे, हा कागद वाचा. मोठ्यानं वाचा."

डॉ. सावळेकरांनी टेबलावरून कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचू लागले. शेलवडीच्या बारवेची लांबी-रुंदी, पूर्वेकडच्या कमानी, काळ्या दगडाचं बांधकाम, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्रेपन्न पायऱ्या.

"पुरे. आता तुमच्या लघुप्रबंधातलं बाविसावं पान काढा. तेही मोठ्यानं."

पहिल्याच ओळीला माझा आवाज बसला. दोन्हीकडे शब्दाला शब्द तोच होता.

"पहिला कागद कुठला, ते मॅडमना सांगा."

मॅडम म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक, डॉ. केळुसकर. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा चालली होती. दार उघडंच होतं आणि बाहेर माझा सगळा वर्ग आपापल्या नंबराची वाट बघत उभा होता.

"इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातला," मी म्हणाले.

"म्हणजे ज्यात कुणीही उठतं आणि काहीही लिहितं, तोच ना?"

"हो सर. पण तो लेख मीच लिहिलाय."

दाराबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. सावळेकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. समोरच्याला सोलायच्या आधी ते नेहमी असंच करत.

"लेखाखाली तुमचं नाव आहे?" केळुसकर मॅडमनी विचारलं.

"नाव नसतं मॅडम. टोपणनाव असतं. माझं 'शेलवडीकर' आहे."

"तुम्ही शेलवडीच्या का?" सावळेकर म्हणाले.

"नाही सर. तालुक्याच्या."

"मग शेलवडीकर कशा?" आता दाराबाहेर सगळेच हसले. "हे बघा ढवळे, तो कोश म्हणजे गावजेवण. कुणीही वाढावं, कुणीही जेवून जावं. तिथलं ताट उचलून आणायचं आणि स्वयंपाक मीच केला म्हणायचं! उद्या म्हणाल, यादवांचे ताम्रपटही मीच कोरले."

मॅडमही हसल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "पण मुलगी खरं बोलत असेल तर?"

"तर पुरावा आणू दे. इतिहासाला पुरावा लागतो मॅडम. डोळ्यांतलं पाणी चालत नाही."

तोवर माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी ते म्हटलं आणि मग आलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

माझा लघुप्रबंध नापास झाला. फाइलवर लाल शाईनं 'नक्कल' असा शेरा पडला आणि खाली दोन्ही परीक्षकांच्या सह्या झाल्या. त्याच जूनमध्ये कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायला एक जागा निघणार होती. ती मलाच मिळणार असं विभागातला शिपाईसुद्धा धरून चालला होता. ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लिहिलंस तूच गं. पण सही नाही केलीस." मग डब्याची पिशवी उचलून ते ड्यूटीवर गेले.

खरं म्हणजे सही करावी असं ते लिखाणच नव्हतं. आधीच्या उन्हाळ्यात मी शेलवडीला गेले होते. बारवेपाशी मला यल्लव्वा धोत्रे भेटली. गावाबाहेर वडारवस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्यांची. तिथली ही बाई, पन्नाशीची, दगडावर घण घालून घालून बोटं वाकडी झालेली. "चल, दावते," म्हणाली आणि माझ्यापुढे उतरू लागली. आठ पायऱ्या उतरली, पदर खोचला आणि नववी पायरी सोडून एकदम दहावीवर पाय टाकला.

"हितं पाय न्हाय ठिवायचा, बाई. वलांडून ये."

"का हो मावशी?"

"ही तिम्मव्वाची पायरी. मोठ्या दुष्काळात ही बारव आमच्याच लोकांनी खांदली. लई खांदली, पन पानी काय लागंना. तिम्मव्वाच्या अंगावर हितं धोंडा आला. ती गेली आन् दुसऱ्या दिशी पानी लागलं. समद्या गावानं पेलं. तिनं तेवढं न्हाय."

म्हणून दर अखितीला, अक्षय्य तृतीयेला, वडारवस्तीतल्या बायका नवी मातीची घागर भरतात आणि त्या पायरीवर ठेवतात. एरवी त्या पायरीला कुणाचा पाय लागत नाही. शाळेत जाणारी पोरंसुद्धा उडी मारून पलीकडे जातात.

"लिवून ठिव, बाई," यल्लव्वा म्हणाली. "आमचं कुनी लिवत न्हाय. तू लिवलंस म्हंजी ऱ्हाईल."

तिचा मुलगा हणमंता दहावीपर्यंत शिकलेला होता. तोही दगडाचंच काम करायचा. "कुठं वाचायला मिळंल, ताई?" त्यानं विचारलं. लघुप्रबंध कॉलेजच्या कपाटात जाऊन पडणार, तो ह्याला कुठून दिसणार? म्हणून मी त्याला मुक्त ज्ञानकोशाचं सांगितलं. जगात कुठूनही उघडतो, पैसे पडत नाहीत. त्याच्या वहीत पत्ता लिहून दिला. आठवड्याभरात तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून मी लेख चढवला, आणि मग तोच मजकूर लघुप्रबंधात घातला. असा माझा गुन्हा. चोरी केली, पण माझ्याच घरी.

कोशानं एक केलं. लांबी-रुंदी, कमानी, पायऱ्या सगळं ठेवलं. तिम्मव्वाच्या परिच्छेदाला मात्र कुणीतरी कंसात पाटी लावली, 'संदर्भ हवा'. यल्लव्वानं सांगितलं हा संदर्भ तिथे चालत नव्हता. छापलेलं काहीतरी लागत होतं.

मग मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागले. पुस्तकांना कव्हरं घालायची, नोंदी करायच्या, सकाळी वर्तमानपत्रं दांडीला लावायची. परीक्षेला दोन वर्षं होऊन गेली होती. एका रविवारी जिल्ह्याच्या दैनिकाची पुरवणी दांडीला लावताना मला 'शेलवडीची बारव' हे शीर्षक दिसलं. खाली डॉ. सावळेकरांचा फोटो होता.

मी उभ्याउभ्याच वाचलं. तो माझाच लेख होता. 'पूर्वेच्या कमानींना सकाळचं ऊन झेलायची सवय आहे' हे वाक्य मी सायबर कॅफेत बसून, स्वतःवरच खूश होऊन लिहिलं होतं. तेसुद्धा जसंच्या तसं. तिम्मव्वा नव्हती. आणि पायऱ्या त्रेपन्न होत्या.

इथे एक सांगायला हवं. त्या बारवेला पायऱ्या त्रेपन्न नाहीत, चोपन्न आहेत. मी चढता-उतरताना पाय ठेवला त्या पायऱ्या मोजल्या. नववी ओलांडली होती, ती मोजायची राहिली. घरी वहीतलं चित्र बघताना चूक लक्षात आली, पण कोशात दुरुस्त करायचा मला कंटाळा आला. म्हणजे ही चूक साऱ्या जगात एकट्या माझी होती. आणि ती आता सावळेकरांच्या नावावर छापून आली होती. ज्या गावजेवणाचं ताट उचललं म्हणून त्यांनी मला हाकललं होतं, त्याच पंगतीत ते स्वतः बाह्या सारून बसले होते.

मी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून कार्यालयात जाऊन उभी राहिले. उपसंपादक म्हणाले, "अहो, तो कोश सगळ्यांचा असतो. सरांनी घेतलं तर बिघडलं काय? आणि सर म्हणाले, तुमचा त्यांच्यावर जुना राग आहे."

राग होताच. तोवर तो नुसता धुमसत होता, त्या दिवसापासून त्याला काम मिळालं.

पुरवणीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'लेखकाच्या आगामी ग्रंथातून'. म्हणजे सावळेकर पुस्तक करत होते, आणि बूड न हलवता करत होते. सोमवारी मी सायबर कॅफेत गेले. 'शेलवडीकर' म्हणून खातं उघडलं आणि बारवेच्या लेखात चार ओळी घातल्या:

'नवव्या पायरीलगत उत्तरेच्या भिंतीत शिलालेख आहे. शके १६९२ मध्ये श्रीमंत सगुणाबाई देशमुख यांनी प्रजेच्या सुखार्थ ही बारव बांधिली, असा त्याचा मजकूर आहे.'

अशी कुणी सगुणाबाई जन्माला आलेली नव्हती. दोन वर्षं सावळेकरांची व्याख्यानं ऐकून मला पक्कं ठाऊक होतं की देशमुख, सरदार, जहागीरदार म्हटलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. नववी पायरी मुद्दाम निवडली. पंचक्रोशीत त्या पायरीइतकं जपून कुणी काही बघत नाही. तिथला दगड कोरा आहे हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा शपथेवर सांगेल. सावळेकर फसले की साक्षीला अख्खी वडारवस्ती उभी राहणार होती.

आणि खाली मी संदर्भही दिला. कधीच न निघालेली एक स्मरणिका, पृष्ठ एकेचाळीस.

एक अडचण होती. बारव सगुणाबाईनं शके १६९२ मध्ये बांधली, तर शंभर वर्षांनी मोठ्या दुष्काळात ती वडारांनी खणली कशी? दोघी एका पानावर नांदू शकत नव्हत्या. म्हणून तिम्मव्वाचा परिच्छेद मी काढला. सावळेकर गळाला लागले की परत घालू, असं स्वतःला सांगितलं. एक बटण दाबायचं काम होतं.

गंमत बघा. तिम्मव्वाच्या उरावर दोन वर्षं 'संदर्भ हवा'ची पाटी होती. सगुणाबाईला कुणी म्हणजे कुणी हटकलं नाही. मी रोज कॅफेत जाऊन बघायचे. ती पानावर मालकिणीसारखी बसली होती.

पुस्तक पुढच्या वर्षी दिवाळीला निघालं. वाचनालयात आलं तेव्हा नोंद करायच्या आधी मी अनुक्रमणिकेत शेलवडी शोधली आणि पान सत्तेचाळीस उघडलं. सगुणाबाई होत्या. पण सावळेकर माझ्यापेक्षा पुढे गेले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'प्रस्तुत लेखकाने भर उन्हात बारवेत उतरून हा शिलालेख स्वतः वाचला. झिजलेली अक्षरे भिंगाखाली लावताना दोन तास गेले.'

मी कपाटाआड जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. असं सुख मला आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. त्यांनी नुसता खोटा दगड घेतला नव्हता, त्यावर भिंगही लावलं होतं.

लगेच बोंब मारायची नाही असं ठरवलं. पुन्हा कुणी 'जुना राग' म्हणालं असतं. मला माणसांसमोर हवं होतं. दार उघडं, बाहेर लोक उभे, आणि लोक हसताहेत, असं. जसं माझं झालं तसं. देवानं तेही जुळवून आणलं. फेब्रुवारीत कळलं की शेलवडीकरांनी बारवेचा जीर्णोद्धार काढलाय, अखितीला मोठा कार्यक्रम आहे, इतिहास उजेडात आणल्याबद्दल सावळेकरांचा सत्कार आहे आणि प्रमुख पाहुण्या आहेत डॉ. केळुसकर. दैनिकाचे वार्ताहर तांबे वाचनालयात यायचे. त्यांना मी म्हटलं, "या नक्की. बातमी मिळेल."

परीक्षेपासून त्या दिवसापर्यंत चार वर्षं गेली. तेवढ्या काळात मी स्वतः शेलवडीला एकदाही गेले नव्हते. गरजच वाटली नाही. कोरा दगड बघायला कशाला जायचं?

बारवेच्या तोंडाशी मांडव घातला होता. तीनेकशे माणूस होतं. सरपंच लोंढे आबांनी सावळेकरांना शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. सावळेकर बोलायला उभे राहिले. इतिहासाला पुरावा लागतो, हे त्यांनी तिथेही सांगितलं. त्यांचं 'धन्यवाद' झालं आणि टाळ्या थांबायच्या आत मी उभी राहिले.

"सर, एक विनंती आहे. तो सगुणाबाईंचा शिलालेख तुम्ही स्वतः वाचलाय. आम्हालाही दाखवा ना. तुमच्याच तोंडून वाचून दाखवा."

त्यांनी मला ओळखलं. फेट्याखाली कपाळावर घाम आलेला मला लांबून दिसला.

"ते... अक्षरं फार झिजलीत. आत्ता उजेडाची बाजूही..."

"सकाळचे साडेदहा झालेत, सर. पूर्वेच्या कमानींना सकाळचं ऊन झेलायची सवय आहे."

त्यांनी केळुसकर मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मलाही बघायला आवडेल."

"आता उतरायचं म्हणजे... वयस्कर मंडळी आहेत," सावळेकर म्हणाले. आवाज पार कापत होता. मी तो मनात साठवून घेत होते.

तेवढ्यात लोंढे आबाच म्हणाले, "त्यात काय! चला की, दावतो. दहा पायऱ्याबी न्हाईत." आणि लोक उठले.

मी सगळ्यांच्या पुढे धावत उतरले. मला सावळेकरांचं तोंड समोरून बघायचं होतं. भिंतीकडे पाठ करून उभी राहिले, हात लांब केला आणि म्हणाले, "दाखवा सर. कुठे आहे?"

सावळेकर दोन पायऱ्या वर थांबले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर गेलेला रंग परत येत होता.

मी वळले. भिंतीत काळ्या दगडाची पाटी बसवलेली होती. गुळगुळीत घासलेली, कडेनं वेलबुट्टी, अक्षरांत शेंदरी ऑइलपेंट भरलेला. 'शके १६९२. श्रीमंत सगुणाबाई देशमुख यांनी प्रजेच्या सुखार्थ ही बारव बांधिली.'

"कसा झालाय?" लोंढे आबा अभिमानानं म्हणाले. "सरांचं पुस्तक आलं, मग आमची समदी समिती उतरून बघून गेली. अक्षर काय दिसंना. म्हटलं झिजलं आसंल, सरांनीच लिवलंय की झिजलंय म्हून. मग जीर्णोद्धारात नवा घडवून घेतला. पुस्तक म्होरं धरून. काना-मात्रा हिकडची तिकडं न्हाय."

"आबा, झिजला नव्हता!" मी ओरडले. "इथे शिलालेख नव्हताच!"

"नव्हता कसा? पुस्तकात हाय की."

"नेटवरही आहे, ताई," तांबे म्हणाले आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. माझंच पान होतं. माझी न निघालेली स्मरणिका कुणीतरी खोडली होती आणि तिच्या जागी भरभक्कम संदर्भ लावला होता, डॉ. सावळेकर, पृष्ठ सत्तेचाळीस. पुस्तक कोशाच्या भरवशावर, कोश पुस्तकाच्या भरवशावर. उंदराला मांजर साक्ष.

"तो लेख मीच लिहिलाय," मी म्हणाले. "खोटा लिहिलाय."

बोलून झाल्यावर मला ते वाक्य ऐकू आलं. सावळेकरांनाही आलं. ते एक पायरी उतरले, वाकून शिलालेखावरून अलगद हात फिरवला आणि केळुसकर मॅडमकडे वळले.

"आठवतं का मॅडम? ह्या आमच्या ढवळे. तेव्हाही हेच म्हणत होत्या. मी म्हटलं नव्हतं, उद्या ताम्रपटही मीच कोरले म्हणतील? बघा, शिलालेखापर्यंत पोचल्या."

पायऱ्यांवर उभी होती ती सगळी माणसं हसली. बारवेत आवाज घुमतो. तो हशा पार खाली पाण्यापर्यंत जाऊन वर आला.

केळुसकर मॅडम मात्र ह्या वेळी हसल्या नाहीत. "तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" त्यांनी विचारलं.

होता! ह्या वेळी होता. मी तांब्यांच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. त्या कोशाचा एक गुण आहे, तो मला परीक्षेनंतर फार उशिरा कळला. कुणी, कधी, काय घातलं आणि काय काढलं, हे सगळं तो मागे जपून ठेवतो. खात्याचा पासवर्ड टाकला. रेंज कमी होती, ते चक्र फिरत राहिलं. चार वर्षांचं उट्टं त्या चक्रापलीकडे होतं. अजून अर्धं मिनिट, की सावळेकरांचा फेटा त्यांच्याच पायात पडणार होता.

"जरा वाट द्या वो."

गर्दीतून यल्लव्वा उतरत होती. डोक्यावर नवी घागर होती. मागे हणमंता होता.

"मावशी, तुम्हीच सांगा यांना!" मी म्हणाले. "इथे दगडावर काही लिहिलेलं होतं का?"

यल्लव्वानं घागर कमरेवर घेतली. शिलालेखाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहिलं.

"मी काय सांगू, बाई. दगूड माझ्याच लेकानं घडवलाय."

"हणमंतानं?"

"आबा काम घिऊन आलं. पोरगा न्हाईच म्हनला. ही आमच्या तिम्मव्वाची जागा, हितं दुसऱ्याचं नाव न्हाय कोरायचा. आबा म्हनलं, पुस्तकात हाय. त्यो म्हनला, पुस्तकाचं सोडा, आमच्या बाईनं लिवलंय त्ये बघतो. तालुक्याला जाऊन तुझं पान बघून आला."

हणमंता मान खाली घालून उभा होता. "तिम्मव्वा नव्हती त्यात, ताई," तो म्हणाला. "आधी होती. मी तीनदा वाचलेलं. म्हटलं, ताईंनीच काढलं आसंल. शिकलेल्या हायत, चौकशी केली आसंल, खोटं निगालं आसंल. मग घेतलं काम."

त्याच वेळी पान उघडलं. तारीख होती, वेळ होती, 'शेलवडीकर' हे नाव होतं. त्यापुढे एका ओळीत माझ्याच हातची टीप होती: 'तिम्मव्वाविषयीचा परिच्छेद वगळला. शिलालेखाची माहिती घातली.' ज्या पुराव्यासाठी मी चार वर्षं जळत होते, तो एवढाच होता.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, त्यात काही राम नाही. तांब्यांनी दुसऱ्या दिवशी शिलालेखाचा फोटो छापला. सावळेकर मानानं निवृत्त झाले. पाटीला हळदकुंकू लागलं होतं, ती काढायला गाव तयार नव्हतं, आणि आता बारा वर्षं झाली तरी ती तिथेच आहे. केळुसकर मॅडमनी माझ्या खांद्यावरून ती ओळ वाचली होती. महिन्यानं त्यांचं पत्र आलं, लघुप्रबंध पुन्हा पाठवा, मी बघते. मी पाठवला नाही. बाविसावं पान उघडायचा धीर झाला नाही. दर अखितीला मी कोशात तिम्मव्वाचा परिच्छेद घालते. तासाभरात कुणीतरी तो काढतं आणि कारण लिहितं, 'विश्वसनीय ग्रंथाशी विसंगत'. वाचनालयात कॉलेजची मुलं त्या पानाची प्रत घेऊन येतात आणि विचारतात, ताई, हे खरं आहे ना? मी त्यांना म्हणते, शेलवडीला जा आणि धोत्रे मावशींना विचारा. आजवर कुणी गेलेलं नाही.

पण त्या दिवशी मोबाईल माझ्या हातात होता आणि सावळेकर समोर होते. मी मोबाईल त्यांच्यापुढे नाही धरला. हणमंतापुढे धरला. त्यानं ओठ हलवत ओळ वाचली.

"मावशी, तिला मीच काढलं," मी म्हणाले.

"खोटं होतं म्हून?"

"नाही. खरं होतं."

"मग?"

"ह्या सरांची फजिती करायची होती."

यल्लव्वानं सावळेकरांकडे पाहिलं, जसं कुणी वाटेतल्या माणसाकडे पाहतं तसं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही शिव्या घालेल. घालाव्यात असं वाटत होतं. तिनं फक्त वाकून घागर पुढे केली आणि तशीच थांबून राहिली. ती कशाची वाट बघतेय ते मला कळेना. मग मी खाली पाहिलं.

"पाय काड, बाई," यल्लव्वा म्हणाली. "तिला पानी ठिवायचंय."